न गाता वाजवायची गाणी

त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख बोटापुढे चांगलं तीन मिलिमीटर आलेलं होतं, आणि डाव्या हाताची पाचही नखं अगदी मुळाशी कापलेली होती.

मोनालीनं आधी नखं पाहिली, मग बाटली, आणि माणूस सगळ्यांत शेवटी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काउंटरवर बसून तिला ती सवयच लागली होती. बाटली कोल्ड्रिंकची होती आणि तिच्यात रायपूरच्या तेलीबांध्यातल्या कुठल्याशा सोसायटीचं बोअरचं पाणी होतं.

"हे चालणार नाही," ती म्हणाली.

"काहून? पाणीच तर आहे."

"या बाटलीत आधी काय होतं?"

त्यानं बाटली उजेडात धरली. "संत्र्याचं."

"मग मी संत्र्याचा रिपोर्ट देऊ का?"

तो हसला. हसताना त्यानं मान थोडी खाली घातली, जणू हसणं ही परवानगी घेऊन करायची गोष्ट आहे. मोनालीनं त्याला निर्जंतुक केलेली बाटली दिली आणि नेहमीच्या सूचना सांगितल्या. नळाचं तोंड आधी लायटरनं तापवायचं, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून आणायची. मग, खरं तर गरज नसताना, ती म्हणाली, "आणि तुम्ही गिटार वाजवता."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "वाजवत नाही, शिकून राहिलो. तुम्हाले कसं समजलं?"

तिनं आपला डावा हात काउंटरवर उलटा ठेवला. चार बोटांची टोकं टणक झालेली होती. तो जरा जास्तच वेळ त्या हाताकडे बघत राहिला... आणि तिनं हात जरा उशिरानंच मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तो बाटली बर्फात ठेवून घेऊन आला. सांगितलेलं सगळं त्यानं तसंच्या तसं केलं होतं. असा माणूस त्या काउंटरवर क्वचितच यायचा. फॉर्मवर नाव होतं प्रशिक वासनिक. नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात तो नकाशे बनवायचा, आणि सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून पाण्याचं काम त्याच्या गळ्यात घातलं होतं, कारण त्याला नाही म्हणता यायचं नाही.

त्याला आणखी एक काम होतं. मोठ्या बहिणीचं, प्रज्ञाताईचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फेब्रुवारीत होतं. जेवणाच्या वेळी डीजे लावायचा नाही, मी गिटार वाजवीन, असा शब्द तो देऊन बसला होता. गाण्याचा प्रश्नच नव्हता. शाळेत प्रार्थनेच्या वेळी सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बेटा, तू नुसते ओठ हलव.

"मले सोपी गाणी पाहिजेत," तो म्हणाला, "पण अशी, जी न गाता चांगली लागतात. नाहीतर लोक म्हणतील, गाणारा कधी येऊन राहिला?"

"तुम्ही मलाच काहून विचारता?"

"तुम्ही गाता का?"

"नाही."

"काहून?"

"लोक ऐकतात म्हणून."

तो म्हणाला, "म्हणूनच तुम्हाले विचारून राहिलो."

*

तात्यापाऱ्यात दिवाकर भैयांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. मागच्या बाजूला उघड्या पडलेल्या पेट्यांच्या मधोमध एक बाक होता. ऑफिस सुटल्यावर दोघं तिथे बसायची. मोनाली गेली कित्येक वर्षं घरी खोलीचं दार लावून वाजवत होती. आपण वाजवतो त्यामागे काही नियम आहेत हे तिला प्रशिकला समजावताना पहिल्यांदा कळलं.

पहिला नियम म्हणजे गाण्यातले शब्द काढून टाकायचे आणि काय उरतं ते बघायचं. प्रशिकनं त्या वर्षी सगळीकडे वाजणारं एक गाणं तोंड मिटून गुणगुणून पाहिलं. जे उरलं ते एकाच सुरावर थरथरत होतं.

"हे तर स्कूटर चालू ठेवल्यासारखं लागून राहिलं," तो म्हणाला.

"मग सोडून द्या. ते गाणं शब्दांवर उभं आहे."

बारीक तारांवर चाल बसली पाहिजे, म्हणजे अंगठा जाड तारांवर रिकामा फिरतो आणि दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. गायक श्वास घेतो त्या जागी गिटारनं काहीतरी बोललं पाहिजे. आणि लांबलेल्या सुरांची गाणी घ्यायचीच नाहीत.

"काहून?"

तिनं सगळ्यांत बारीक तार छेडली आणि बोटानं खूण केली, ऐका. दोघंही गिटारवर वाकली. बाहेर ऑटोवाले, एक भाजीवाली, दिवाकर भैयांची हातोडी. सूर पातळ होत गेला, आणखी पातळ... प्रशिकचा कान तिच्या कपाळाजवळ आला होता. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता.

"गेला?" त्यानं हळूच विचारलं.

"केव्हाचा."

तरी दोघांपैकी कुणी लगेच सरळ झालं नाही.

"गळा सूर धरून ठेवतो," मग ती म्हणाली, "गिटार नाही धरू शकत. ज्या गाण्यात एक सूर खूप वेळ धरायचा असतो, ते गिटारवर मरतं."

असं करत पाच चाली निवडून झाल्या. प्रशिकच्या आईची अंगाई. रेडिओवर लागायचं तसं एक जुनं, झोपाळ्यासारखं झुलणारं गाणं. बुद्धपौर्णिमेला विहारात म्हणतात ती एक संथ चाल. एक ददरिया, म्हणजे शेतात काम करताना एकानं सवाल टाकायचा आणि दुसरीनं जवाब द्यायचा असं इकडचं गाणं. आणि पाचवी मोनालीनं स्वतःच बांधलेली, जी तिच्या खोलीच्या दाराबाहेर कधीच गेली नव्हती. तिचं नाव काय, असं त्यानं विचारलं. नाव नाही, ती म्हणाली. बरं, मग मी ठेवीन, तो म्हणाला, आणि ठेवलं नाही. रोज नुसतं विचारायचा, सांगू का नाव? आणि ती म्हणायची, नको.

सरावाला ददरियातला सवाल तो वाजवायचा आणि जवाब ती तिच्या गिटारवर. तो सवाल संपवून थांबला की तिच्या बोटांना आपोआप वेग यायचा.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

एका संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठानं चालताना मावठ्याचा शिडकावा आला. ती दोघं गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीच्या ताडपत्रीखाली उभी राहिली. गुपचुपची एक पुरी तोंडात, एक हातात, अशा अवस्थेत त्यानं विचारलं, घरी तिच्याबद्दल सांगू का? मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटानं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"थांब," ती म्हणाली.

"किती?"

"थांब म्हटलं ना."

थांबण्यामागे कारण होतं. मागच्या वर्षी नागपूरच्या एका स्थळाला तिनं हो म्हटलं होतं. बाबांनी रेल्वेतल्या सगळ्या मित्रांना पेढे वाटले, आणि आठवड्याभरात त्या लोकांचा नकार आला. त्यांच्या चौबे कॉलोनीत नंतर कितीतरी दिवस लोक तिला विचारत होते, काय झालं बेटा? तेव्हापासून आई लग्नाचा विषय काढायची आणि मोनाली म्हणायची, बघू. मोठ्यानं बोललेली गोष्ट परत आत घेता येत नाही, हे तिनं एकदा करून पाहिलं होतं.

*

आनंदीचा आवाज मोनालीनं आधी प्रशिकच्या फोनवर ऐकला. प्रज्ञाताईच्या होणाऱ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण, राहायला भिलाईला. तिनं प्रज्ञाताईकडून शिकून प्रशिकला तीच अंगाई गाऊन पाठवली होती आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, तू वाजव, मी गाते, मजा येईल.

आवाज चांगला होता. अडचण तीच होती. मोनालीनं तीनदा ऐकून दोष शोधला. सूर कुठे हलत नव्हता, श्वास कुठे ऐकू येत नव्हता. चौथ्यांदा ऐकायला तिनं फोन मागितला तेव्हा प्रशिक म्हणाला, "एवढी आवडली?"

"तपासून राहिले."

"मग? पिण्यायोग्य आहे का?"

ती हसली नाही. त्या दिवशी लॅबमध्ये तिनं दोन नमुन्यांची लेबलं उलटसुलट लावली आणि ती परत बदलताना तिच्या लक्षात आलं की घशाच्या खाली, छातीच्या वर, एक जळजळणारी जागा तयार झाली आहे. तिला नाव देणं अवघड नव्हतं. नुसतं द्यायची इच्छा नव्हती.

पुढच्या शनिवारी आनंदी पंडरीच्या कापडबाजारात साड्या घ्यायला आली आणि तिथून थेट तात्यापाऱ्यात. हातात चार पिशव्या, कानात मोठे झुमके, आल्याआल्या दिवाकर भैयांशी ओळख करून मोकळी. मराठी सगळं समजायचं तिला, बोलायची हिंदीत. बाकावर जागा नव्हती तरी ती प्रशिकच्या शेजारी बसली, आणि मोनालीला उठून स्टुलावर जावं लागलं.

"मोनाली दीदी, आपने क्या सुंदर बिठाया है," आनंदी म्हणाली. मनापासून म्हणाली. मोनाली तिच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी होती. तो 'दीदी' तिला टाचणीसारखा लागला.

प्रशिकनं ददरियाचा सवाल वाजवला आणि सवयीनं थांबला. मोनालीची बोटं तारांवर आली — पण त्याआधीच आनंदीनं जवाब गायला. त्या मोकळ्या जागेत तिचा आवाज बरोबर मावला, अगदी मापून शिवल्यासारखा. दिवाकर भैयांची हातोडी थांबली. मोनालीनं गिटार खोळीत ठेवली आणि चेन लावली. चेन अर्ध्यावर अडकली. तिनं ती तशीच ओढली.

प्रशिक चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा आनंदी पिशव्या आवरता आवरता सरळ म्हणाली, "दीदी, एक बात पूछूँ? तुम दोनों का कुछ है क्या? घरवाले मेरी और प्रशिक की बात चला रहे हैं. मुझे वो अच्छा लगता है. लेकिन कुछ होगा, तो मैं बीच में नहीं आऊँगी."

इतका स्वच्छ प्रश्न मोनालीला कुणी कधी विचारला नव्हता. उत्तर तिच्या जिभेवर होतं. बाहेर रस्त्यावर माणसं होती, दुकानात भैया होते...

"नाही," ती म्हणाली. "हम तो बस गाने चुन रहे हैं."

*

त्यानंतर दोन दिवसांनी प्रशिकनं तिला सगळं सांगितलं. त्याच्या शामराव मामांनी मनावर घेतलं होतं, मोठीचं होतंच आहे तर त्याच मांडवात पोट्ट्याचंही बोलून टाकू. त्याला विचारलं, आणि तो बघतो म्हणाला.

"मी नाही म्हणू शकतो," तो म्हणाला. "पण मामा लगेच विचारतील, मग कोण? तेव्हा मी काय सांगू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मोनाली गिटारचा कॅपो, तारा दाबून धरायचा चिमटा, उगाच काढून परत लावत होती.

"चांगली आहे ती," ती म्हणाली.

"एवढंच?"

"आवाज चांगला आहे."

त्यानं मान खाली घातली, या वेळी न हसता. "बरं. मग शेवटी एक गाणं कमी पडून राहिलं. सहावं सांग."

आणि मोनालीनं त्याला सहावं सांगितलं. सगळ्यांना माहीत असलेलं, लग्नात हमखास लागणारं गाणं. त्याच्या मुखड्यात एकच सूर, आणि तो धरायचा, धरायचा, धरायचा. गिटारवर ते दुसऱ्या मात्रेलाच मरणार होतं. भर हॉलमध्ये मरणार होतं. तो सूर मरेल तेव्हा आनंदी आणि तिच्या घरचे समोर बसलेले असतील, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर होतं. यातून पुढे काय साधणार होतं, हे तिनं बघितलंच नाही.

प्रशिकनं काही विचारलं नाही. घरी जाऊन ते गाणं तो रोज वाजवत राहिला, सांगितलं तसंच.

*

साक्षगंध तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये होतं. त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या घालून झाल्या, प्रज्ञाताईचे डोळे भरून आले आणि कोरडेही झाले, आणि लोक जेवायला बसले. मोनाली आईबाबांबरोबर आली होती, 'प्रशिकच्या गिटारच्या मॅडम' म्हणून. आईनं वाटेत दोनदा विचारलं होतं, नुसत्या मॅडम ना? आणि मोनाली म्हणाली होती, बघू.

प्रशिक खुर्चीवर बसला होता. गिटारच्या पोटासमोर एक माइक लावलेला होता आणि त्यावर एक हिरवा ठिपका जळत होता. अंगाई सुरू झाली तेव्हा पहिल्या पंगतीतल्या म्हाताऱ्या बायांनी पुरी तोडणं थांबवलं. झुलत्या गाण्यावर वाढप्यांचे पाय तालात पडायला लागले. संथ चालीला कुणीतरी डोळे मिटले. गाणारा कधी येऊन राहिला, असं कुणीही विचारलं नाही. ददरियात तो सवाल टाकून थांबला, जवाबाची जागा मोकळीच ठेवली, आणि पुढे गेला. पाचवी चाल त्यानं तिच्याकडे न बघता वाजवली. लोकांसमोर ती पहिल्यांदाच आली होती, आणि ते वरणभात खाताखाता तिच्यावर मान डोलावत होते. मोनाली वांग्याची भाजी ताटाच्या कडेला सारत राहिली.

मग शामराव मामा उठले. पांढरा सदरा, खिशाला पेन, आवाज असा की त्यांना माइक लागत नव्हता.

"आता शेवटचं गाणं," ते म्हणाले. "हे त्यानं एकट्यानं वाजवण्यात काही मतलब नाही. आनंदी, चल बेटा. तू गा, हा वाजवंल. पाहू द्या लोकायले जोडी."

लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आनंदी साडी सावरत उठली, दुसरा माइक हातात घेऊन प्रशिकच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आणि तेव्हा मोनालीला कळलं आपण काय केलं आहे. सहा गाण्यांपैकी पाच अशी निवडली, ज्यांना कुणाच्याही गळ्याची गरज नव्हती. आणि रागाच्या भरात सहावं असं निवडलं, जे आनंदीशिवाय उभंच राहू शकत नव्हतं. तिच्यासाठी एवढी नेमकी जागा तिच्या घरच्यांनीही केली नसती.

तिनं ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, कुठं चालली? ती पंगतींच्या मधून चालत गेली, हात धुवायचे राहिले हे लक्षात येऊनही थांबली नाही, आणि प्रशिकच्या खुर्चीजवळ वाकली.

"हे नको वाजवू."

"काहून?" तो तारांकडे बघत म्हणाला.

"हे गिटारवर उभं राहत नाही."

"मले माहीत आहे. पहिल्याच दिवशी समजलं. लांब सूर घ्यायचा नाही, तूच तर शिकवलं."

"मग रोज वाजवत काहून होता?"

"तू कधी सांगते, ते पाहून राहिलो होतो."

हॉल शांत झाला होता. जरा जास्तच शांत. मोनालीनं वर पाहिलं. पहिल्या पंगतीतल्या बाया हातात पुरी धरून तिच्याकडे बघत होत्या. वाढपी बुंदीची परात घेऊन उभा होता. गिटारसमोरच्या माइकवरचा हिरवा ठिपका तसाच जळत होता. त्यांचं सगळं बोलणं भोंग्यातून शेवटच्या पंगतीपर्यंत गेलं होतं.

"कोण हाये ही पोट्टी?" शामराव मामांनी विचारलं.

आनंदीनं आधी प्रशिककडे पाहिलं, मग मोनालीकडे. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं आपला माइक बंद केला आणि एक पाऊल मागे सरली.

"मैंने पूछा था ना, दीदी," ती हळूच म्हणाली.

"हव. मी खोटं बोलले. माफ कर."

प्रशिक परत गिटारवर वाकला. त्यानं ददरियाचा सवाल वाजवला, तेवढाच, आणि थांबला. सूर पातळ होत गेला, आणखी पातळ. मोनालीला तो जाताना ऐकू येत होता. तिची गिटार घरी होती. बोटांना करण्यासारखं काही नव्हतं.

आई उठून उभी राहिली होती. बाबांचा घास हातातच होता. हा ठिपका बंद करता येतो, बटण कुठे असतं हेही तिला माहीत होतं. लोक ऐकत होते.

ती माइकसमोर नीट उभी राहिली.

"मामाजी, मी मोनाली रामटेके. प्रशिक तुम्हाले बघतो, बघतो म्हणत होता ना, ते माझ्यामुळे. मीच त्याले थांब म्हटलं होतं." तिचा आवाज पहिल्या वाक्याला फाटला, दुसऱ्याला सरळ झाला. तिनं प्रशिककडे पाहिलं. "आता नको थांबू. मले तुझ्याशी लग्न करायचं आहे."